पाचवं शील

आमच्या घरी रोज सकाळी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून पंचशील म्हणतात. पाचवं शील आलं, नशा न करण्याचं, की माझे मिस्टर हर्षदीप नुसते ओठ हलवायचे. आदल्या दिवशी जास्त झाली असली, तर सासूबाई वंदनाच टाळायच्या. "राहू दे आज, तब्येत बरी नाही त्याची." हर्षदीप मास्तर. शाळेत फोनही सासूबाईच करायच्या, पोराला ताप आहे म्हणून.

आदिलाबादच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. सासूबाईंना म्हणाल्या, "माय, त्याच्या वतीनं एकही फोन नाही." मला म्हणाल्या, "तोंडाचा वास घ्यायचा नाही, जुनं उकरायचं नाही. रोज वंदनेनंतर ते 'आज घेणार नाही' म्हणतील. तुम्ही थँक्यू म्हणा."

बसमध्ये सासूबाई हसत सुटल्या. "नवऱ्याले थँक्यू! आमच्या टायमाले नाव घ्याची चोरी होती, बाई!"

चाळीस दिवस नीट गेले. मग एका रविवारी गुडीहत्नूरच्या लग्नातून हर्षदीप पिऊन आले. आमच्या दोन वर्षांच्या लेकीचे, प्रगतीचे कपडे मी बॅगेत भरले. सकाळच्या बसनं बेल्लमपल्लीला, माहेरी जायचं ठरवलं. लेकीनं हे बघत मोठं व्हायला नको होतं मला.

सकाळी सासूबाई फोटोपाशी गेल्याच नाहीत. "आज राहू दे..."

"काऊन राहू दे, माय?" हर्षदीप म्हणाले. काडी त्यांनीच ओढली. चार शीलं मोठ्यानं म्हटली. पाचव्याला थांबले.

"हे काल मोडलं मी. मावसभावानं गिलास देला, न मी घेतला. आज घेणार नाही."

सासूबाईंचा हात सवयीनं फोनकडे गेला. त्यांनी फोन उचलला आणि पोरापुढे धरला.

"धर. हेडमास्तरले तूच सांग. मी नाही आता तुले ताप आणत."

हर्षदीपनी सांगितलं, खरं तेच. मग समुपदेशक बाईंना फोन लावून आजचीच वेळ मागितली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू येशील?"

"येते," मी म्हणाले. "थँक्यू."

ते हर्षदीपना म्हटलं, पण पाहत होते मी सासूबाईंकडे. त्या पदरानं डोळे पुसत चपला शोधत होत्या.

बॅगेतून प्रगतीचा एक फ्रॉक काढून तिला घातला. बाकीचे अजून तसेच ठेवले.