सेराफिनाची सही

दारावर तिसरी लाथ बसली आणि कडीचा खिळा निखळून थेट चुलीपाशी येऊन पडला.

"उघड गं सटवे!" बाहेरून गिल्बर्ट ओरडत होता. "माझ्या काकाचं डोकं फिरवतेस काय?"

सेराफिनाने दाराला पाठ लावली. मरोळच्या या घरात तिने बावीस वर्षं रोझारिओ म्हाताऱ्याची चूल पेटवली, त्याचा भात लावला, कापला, आणि गेलं वर्षभर त्याचं हगणंमुतणंही काढलं. नात्यागोत्याची म्हणाल तर कोणी नाही. विधवा झाल्यावर कामाला आली, ती राहिलीच. गिल्बर्ट मात्र सख्खा पुतण्या, एकुलता एक वारस! चुलत्याला कधी पेजेचा घोट पाजला नाही मेल्याने. पण सत्तावन्न साल उजाडलं, कारखानेवाले भातशेतीला सोन्याचा भाव द्यायला लागले, आणि याला चुलता आठवला.

खाटेवरच्या रोझारिओने नुकतीच मृत्युपत्रावर सही केली होती. शेत अनाथ मुलींच्या आश्रमाला, राहतं घर सेराफिनाला. वकिलाचा कारकून चंद्रप्रकाश याने पहिली साक्ष घातली आणि टाक शेजारच्या धाकूच्या हातात दिला. धाकू गिरणीतला माणूस. नाव लिहायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

त्याने टाक कागदाला टेकवायच्या आत चौथ्या लाथेला दार सेराफिनासकट आडवं झालं. गिल्बर्टच्या हातात बाभळीचं दांडकं होतं. त्याने ते धाकूच्या कानशिलात घातलं. धाकू बेशुद्ध होऊन कोसळला आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर रक्ताचं थारोळं झालं. गिल्बर्ट कागदाकडे झेपावला तशी सेराफिना मध्ये पडली. दुसरा फटका तिच्या डाव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. उजव्या हाताने तिने चुलीवरचं पेजेचं टोप उचललं आणि रटरटती पेज त्याच्या तोंडावर फेकली.

गुरासारखा ओरडत तो बाहेर पळाला. "रॉकेल आणा रे! जाळून टाकतो सगळ्यांना!"

सेराफिना आणि कारकून दोघांनी दार उभं करून त्याला भाताची पोती लावली. चंद्रप्रकाशने कागद उचलून घेतला.

"दुसरा साक्षीदार पाहिजे, बाई. एका साक्षीवर कागद टिकत नाही. सगळं याच्या घशात जाईल."

"द्या इकडं. मी करते सही."

"तू नको! ज्याला काही मिळायचंय त्याने साक्ष घातली, तर त्याचं मिळणं रद्द. तुम्हा ख्रिस्ती लोकांना कायदा तसाच आहे. शेत आश्रमाला जाईल, पण घर गिल्बर्टचं होईल."

सेराफिनाने खिडकीतून हाका मारल्या. आळीतली सगळी दारं बंद. खाटेवर म्हाताऱ्याला घरघर लागली होती, आणि सही त्याच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी होती.

तिला संताप आला. त्रेपन्नाव्या वर्षी उंबऱ्याबाहेर? एवढी हाडं झिजवली ती कशासाठी? मग तिला आश्रमातली पातळ कांजी आठवली. ती स्वतः त्याच कांजीवर वाढली होती. ताटलीचा तळ दिसायचा त्या कांजीतून. त्या पोरींना स्वतःचा तांदूळ मिळणार होता, आणि आता तेही जाणार.

तिने टाक उचलला. रोझारिओने मान हलवली. "नको... सेराफिना, नको..."

"गप रे बाबा. बघ फक्त इकडं. डोळे मिटू नकोस."

मोडलेला हात मांडीवर टाकून तिने एकेक अक्षर काढलं. म्हातारा रडत होता, पण त्याने डोळे मिटले नाहीत. रॉकेल यायच्या आत पोलीस आले, तेव्हा म्हातारा गेलेला होता. धाकू जगला, पण एका कानाने कायमचा बहिरा झाला.

चार महिन्यांनी कोर्टात सेराफिनाची जबानी झाली. समोरच्या बाकावर जामिनावर सुटलेला गिल्बर्ट भाजलेल्या गालाने बसला होता. घराला आता त्याचं कुलूप होतं.

"मयताशी नातं?" लिहिणाऱ्याने मान वर न करता विचारलं.

"काय नाय. साक्षीदार."

"पत्ता?"

सवयीने तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. वाकडं जुळलेलं मनगट तिने पदराखाली घेतलं.

"तेवढं कोरं ठेवा, साहेब," ती म्हणाली.