धरणाच्या भिंतीवरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. शाळेतली नव्हे, पन्हाळ्यापलीकडच्या एका धरणाच्या भिंतीवर रंगवलेली, ठसठशीत काळ्या आकड्यांची. गणपतराव पेंटरनं दोरीला लोंबकळून मला रंगवलं. पाणी किती चढलं ते मी सांगते. चाळीस वर्षांत एक आकडा खोटा सांगितला असेल तर शपथ!

रोज सकाळी धरणावरचा चौकीदार पिराजी मला वाचतो आणि ऑफिसात फोन करतो. मग वीजघरातनं किती पाणी सोडायचं ते साहेब ठरवतात. सोडलेल्या पाण्यावर वीज होते आणि पुढच्या पावसाला धरणात जागा राहते. इतकं साधं आहे हो!

गेल्या ऑगस्टात पाणी काठोकाठ आलं. शुक्रवारी साहेब धरणावर आले तेव्हा पिराजी म्हणाला, "सायेब, वीजघर पुरतं चालू करा. दोन फूट जागा करूया. वर पाऊस लई हाय."

"रविवारी जलपूजन आहे," साहेब म्हणाले. "पाहुण्यांना भरलेलं धरण दिसायला नको? तोवर थांब."

ऐकलंत? पूजेसाठी पाणी अडवलं! रविवारी पाहुणे आले, नारळ फुटला, माझ्या आकड्यांवरच झेंडूचा हार सोडला. धरणाखालच्या नदीकाठची तानाबाईही आली होती; ती दूध विकून घर चालवते. तिनं पाण्याची ओटी भरली आणि हात जोडले, "आई, माझ्या म्हशी सांभाळ."

दुपारी पाऊस कोसळला. धरणात जागाच नव्हती, दरवाजे एकदम उघडावे लागले. वीज न करताच सगळं पाणी नदीत घुसलं. तानाबाई घरी पोचायच्या आत गोठा बुडाला. दावणीच्या दोन्ही म्हशी गेल्या.

चौकशीच्या कागदावर साहेबांनी लिहिलं, 'पट्टी पुसट असल्याने आकडा वाचता आला नाही.' पुसट? मी? चोर सोडून संन्याशाला फाशी! अजून अंगाची आग होते माझ्या.

हे कानावर पडताच तानाबाई तडक धरणावर आली. साहेब तिथंच होते.

"पिराजी, पट्टी दिसत न्हवती व्हय रं?"

पिराजीची नोकरी साहेबांच्या हातात. तरी तो बोलला, "दिसत हुती, आक्का. शुक्रवारीच म्या सांगिटलं हुतं."

तानाबाई साहेबांकडं वळली. "मग माझ्या म्हशी कुनी मारल्या, ते बी कागदावर लिवा की!"

साहेब गाडीत जाऊन बसले.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणीतरी त्या खुर्चीत बसेल. पिराजीसारख्याचा फोन आला की आधी पाणी सोडा. पाहुण्यांना दोन फूट कमी भरलेलं धरण दाखवायची कसली लाज? लाज वाटायचीच तर तानाबाईच्या रिकाम्या दावणीची वाटू द्या.