जहूरची लाकडी रायफल

माझ्या धाकट्या मुलीचं, रुपालीचं लग्न १९९८ च्या मे महिन्यात झालं. आमच्या सुतारी वर्कशॉपनं एकवीस दिवसांची सुट्टी दिली होती. मांडवाची पानं सुकायच्या आत मी परत शारजात होतो आणि आल्या दिवशीच फोरमननं मला अल मजाजच्या कामावर टाकलं. खाडीकाठची चौदा मजली इमारत होती. तिच्यातल्या सगळ्या फ्लॅटांमधली स्वयंपाकघराची कपाटं काढून नवी बसवायची होती. त्या उन्हाळ्यात मला जहूर भेटला.

जहूर काश्मीरचा, गुलमर्गच्या पायथ्याच्या एका गावातला. सीमेवरच्या एका दलात शिपाई होता आणि दलाच्या संघातून बायथलॉन नावाचा खेळ खेळायचा. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यानं समजावलं ते असं. पायांना लांब पट्ट्या लावून बर्फावरून कित्येक किलोमीटर पळायचं. छाती फुटायची वेळ आली की थांबायचं, पाठीवरची रायफल काढायची आणि पन्नास मीटरवरची पाच काळी निशाणं पाडायची. एकदा झोपून, एकदा उभ्यानं. चुकलेल्या प्रत्येक निशाणाला एक जादा फेरी. मी म्हटलं, हे दोन खेळ झाले, एकाच माणसाच्या गळ्यात कशाला मारतात? तो हसला. त्याची अम्मीही हेच विचारायची म्हणे.

फेब्रुवारीत उतारावर पडून त्याच्या डाव्या गुडघ्याच्या आतली दोरी तुटली. तो तिला दोरीच म्हणायचा. मार्चमध्ये दिल्लीला ऑपरेशन झालं, लांब रजा मिळाली. त्याची थोरली बहीण शहनाझ त्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहायची. तिच्या नवऱ्याचं शालींचं आणि गालिचांचं दुकान होतं. तिनंच त्याला बोलावून घेतलं. गावी राहिला असता तर दुसऱ्या आठवड्यात लाकडं फोडायला लागला असता, असं तिचं म्हणणं.

डिसेंबरात पहिलं बर्फ पडलं की निवडचाचणी होती. सात जणांतले चौघे घ्यायचे, ते चौघे परदेशी जाणार. जहूर दोन वर्षं पाचवा येत होता. वय सत्तावीस. या खेपेला चौघांत आला नाही तर संघातून नाव जाणार आणि पुन्हा चौकीवर पहारा. हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, मी त्यांच्या सिंकखालचं सडलेलं कपाट उपसत होतो तेव्हा. माणसाला सांगायला कुणीतरी लागतं आणि मी घरातच होतो.

बर्फावरच्या खेळाची तयारी शारजाच्या जूनमध्ये करायची म्हणजे गंमतच. आमची पिकअप आम्हाला पहाटे चारला उतरवायची. तेव्हा जहूर दोन्ही हातांत काठ्या घेऊन खाडीच्या कडेनं झपझप चालत असायचा. अंगातला बनियन पिळून काढावा असा भिजलेला. मासे पकडायला बसलेले म्हातारे त्याला काय शोधतोयस म्हणून विचारायचे. आमच्यातला सोमनाथ, कराडकडचा, त्याला 'बर्फवाला' म्हणायचा आणि रोज विचारायचा, "काय बर्फवाले, आज किती पडलं?" जहूर काठीनं गुडघ्याएवढी उंची दाखवायचा. "यल्ला, चला, फावडं आणा."

चालून आला की जिना. तळापासून गच्चीपर्यंत, लिफ्ट न घेता. गच्चीवर पोचला की धापा टाकत हात पुढे धरायचा, जणू हातात रायफल आहे. खरी रायफल संघाची, तिकडे कुलपात. हातात नुसती हवा धरून काय होणार? एकदा मी ते पाहिलं आणि म्हटलं, तुला वजन पाहिजे ना, मी देतो करून.

बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे उरलेले तुकडे होते. त्यानं कागदावर काढून दिलं, वजन सांगितलं साडेतीन किलो. मी दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागात, भोक पाडून आत शिसं ओतलं, तोल तो सांगेल तिथं आणला. कुणाला ती खरी वाटू नये म्हणून कपाटांचा उरलेला पोपटी रंग फासला. शहनाझबहेननं ती पाहिली आणि दारातच बसून हसली. जहूर म्हणाला, "दुनिया बंदूक घेऊन लढते, मी पोपट घेऊन लढणार." तरी इमारतीचा नातूर, म्हणजे राखणदार, घाबरायचा. म्हणून ती चादरीत गुंडाळून वर न्यायची असं ठरलं.

त्या वर्षी दुबईच्या बाजारात लाल उजेडाचे छोटे पेन आले होते, पोरं भिंतींवर ठिपका नाचवायची. तसला एक मी नळीवर बांधला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर काळ्या टेपचे पाच गोल चिकटवले. उजाडायच्या आधी तो लाल ठिपका स्वच्छ दिसायचा. जहूर चौदा मजले चढून यायचा, रायफल खांद्याला लावायचा, श्वास धरायचा. मी टाकीशेजारी उभा राहून बघायचो. ठिपका गोलात थांबला की टाकीवर सुतारी पेन्सिलनं उभी रेघ, चुकला की आडवी. मला तेव्हा सहीपुरतीच अक्षरं येत होती, पण रेघा मोजायला अक्षरं लागत नाहीत.

सुरुवातीला आडव्याच रेघा. ठिपका सारखा एकाच बाजूला, उजवीकडे खाली घसरायचा. जहूर म्हणायचा, उस्ताद, दस्ता लांब वाटतो. मी रंध्यानं सूतभर काढायचो. दुसऱ्या दिवशी गालाकडची बाजू टोचते म्हणायचा, मी तिथं घासायचो. मग खांद्याकडची कड तिरपी करून दिली. सुताराचा धंदाच हा. खुर्ची टोचते म्हणणाऱ्या माणसाला सरळ बस असं आपण सांगत नाही, खुर्ची तासतो. माझे वडील लोकांच्या वाकड्या भिंतींना सरळ दिसतील अशी कपाटं बसवायचे आणि त्यातच आमच्या घराण्याचं नाव होतं. जुलै संपेपर्यंत टाकीवर पाचांतल्या चार उभ्या, मग पाचांतल्या पाच. जहूरनं त्याच्या शिक्षकाला फोन करून सांगितलं की मी तयार आहे. त्या दिवशी शहनाझबहेननं आम्हा सगळ्या कामगारांना वरून नून चाय पाठवला, गुलाबी आणि खारट. सोमनाथनं एक घोट घेतला आणि विचारलं, यात साखर टाकायची चुकून राहिली का.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याच स्वयंपाकघरात शेवटचं उभं कपाट बसवत होतो. वरून ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, सोडला होता. दोरी स्थिर व्हायची वाट बघत मी गुडघ्यावर बसलो होतो. तेवढ्यात जहूर पलीकडच्या दारात येऊन उभा राहिला, हातात कप, बहिणीशी काहीतरी बोलत. दोरी बरोबर त्याच्यासमोर लोंबत होती. खाली दोन्ही पावलांच्या मध्यावर आणि वर त्याच्या नाकाच्या डाव्या अंगाला. दोन बोटं तरी. सगळं वजन उजव्या पायावर, डावा नुसता टेकलेला.

मला वाटलं आत्ता उभा आहे तसा. मी कपाट सोडून त्याच्याकडेच बघत राहिलो. त्यानं कप ठेवला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा तेच. आणि मग मला गच्चीवरचं सगळं कळलं. तो घसरणारा ठिपका रायफलीचा दोष नव्हता. माणूस कलत होता आणि मी दीड महिना रोज थोडं थोडं लाकूड त्याच्या कलाप्रमाणे तासत होतो. आता माझी रायफल वाकड्या माणसाला बरोबर बसत होती. डिसेंबरात त्याच्या हातात संघाची रायफल येणार होती, ती कुणी तासलेली नव्हती. आणि डाव्या पायावर जोर न देणारा माणूस बर्फावर पळणार कसा?

मी लगेच बोललो नाही. तीन दिवस गप्प राहिलो. तो खूश होता, शिक्षकाला फोन झाला होता, आणि मला माझ्या कामाची लाजही वाटत होती. चौथ्या दिवशी ओळंबा खिशात घालून गच्चीवर गेलो. कपडे वाळत घालायच्या तारेला तो बांधला आणि जहूरला त्याच्यामागे उभं राहायला सांगितलं. मग जे दिसलं ते सांगितलं.

तो आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला आणि मग तो चिडला.

"आप मिस्त्री हो, उस्ताद. डॉक्टर नहीं."

मी म्हटलं, खरं आहे.

"डॉक्टरनं सांगितलंय गुडघा ठीक आहे. पाचांतले पाच तुम्हीच लिहिलेत ना?"

"पाच माझ्या रंध्यानं पाडले, जहूरभाई. तू नाही पाडलेस."

हे मी बोलायला नको होतं असं लगेच वाटलं. तो रायफल तिथंच टाकून खाली गेला. मी ती चादरीत गुंडाळून मागोमाग नवव्या मजल्यावर गेलो. तो आतल्या खोलीत दार लावून बसला होता. शहनाझबहेनला सांगावं तर लागणारच होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. उठून बाहेर गेली आणि दाराशी ठेवलेल्या त्याच्या चपला उचलून आणल्या. जूनमध्ये तिनंच घेऊन दिलेल्या, कातडी. जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्रही न घालता, शेजारी शेजारी उलट्या ठेवल्या. उजवीची टाच अर्धी झिजली होती. डावी दुकानातून आणल्यासारखी होती.

तिनं त्याला हाक मारली. तो आला, चपला पाहिल्या आणि खुर्चीवर बसला.

"नमाजही तू अजून खुर्चीवर बसून पढतोस," ती म्हणाली. "डॉक्टरनं जुलैतच खाली बसायची परवानगी दिलीय. मी बोलत नव्हते. खूप दुखतं का?"

त्यानं झिजलेल्या टाचेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, दुखत नाही. अजिबात दुखत नाही.

"मग?"

"आवाज आला होता, आपा. तुटली तेव्हा. सुकी फांदी मोडावी तसा. सगळ्या उतारावर फक्त मला ऐकू आला. पाय टेकला की मी तो आवाज ऐकायला कान लावतो."

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी उठून बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. खाडीवर ऊन चढत होतं.

त्याच दिवशी, वर्कशॉपला परतल्यावर, मी रायफलला कमी केलेलं सगळं परत जोडलं. पातळ पट्ट्या चिकटवून दस्ता पूर्वीच्या मापाला आणला. पोपटी रंगात पिवळट पट्टे दिसायला लागले. दुसऱ्या पहाटे ती त्याच्या हातात दिली. तारेला ओळंबा बांधला आणि त्यानं दोरी नाकासमोर धरून, दोन्ही पायांवर वजन देऊन उभं राहायचं. ठिपका टाकीभर धावला. एकदा तर शेजारच्या इमारतीवर गेला. पाचांतला एकही नाही. दुसऱ्या दिवशी एक. जो माणूस आठवड्यापूर्वी पाच पाडत होता त्याला हे बघावं लागणं सोपं नव्हतं, आणि मला रेघा ओढणंही सोपं नव्हतं.

रजा संपायला पाच आठवडे राहिले होते. त्यानं काठ्या सोडल्या आणि जिना एकेक पायरी डाव्या पायानं चढायला लागला. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर बसला. कपाळावर घाम होता तो चढण्याचा नव्हता. मी शेजारच्या पायरीवर बसलो. त्याला रुपालीच्या लग्नात आचाऱ्यानं वरणात दोनदा मीठ कसं घातलं ते सांगितलं. तो हसला आणि उठला. मग रोज तिसऱ्या मजल्यावर मला एक गोष्ट सांगावी लागायची. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या संपल्या, पण तोपर्यंत तो तिथं बसेनासा झाला होता.

जायच्या आदल्या पहाटे पाचांतले तीन. मी टाकीवर तीन उभ्या आणि दोन आडव्या ओढल्या. तो म्हणाला, चौथा दिला असता तरी चाललं असतं, उस्ताद. मी म्हटलं, नाही चाललं असतं.

डिसेंबर संपताना शहनाझबहेननं वर्कशॉपवर निरोप पाठवला की जहूरचा फोन येणार आहे, शुक्रवारी या. मी धुतलेला शर्ट घालून गेलो. आधी ती बोलली, मग रिसीव्हर माझ्याकडे दिला. लाईनीत खरखर होती.

"सहावा आलो," तो म्हणाला. "सातांत सहावा."

 मी विचारलं, "पाय?"

"पाय टिकला. उतारावर कान लावला नाही. निशाणं कमी पडली."

मी त्याला सांगितलं की मला तीन दिवस आधी कळलं होतं आणि मी गप्प बसलो होतो. आणि त्याआधीचा दीड महिना तर माझ्याच हातानं गेला. तो म्हणाला, दीड महिना मी तुम्हाला फसवत होतो, तुम्ही फक्त तीन दिवस. हिशेब बराच माझ्या अंगावर येतो. मग खलास, संपला विषय, म्हणाला आणि बहिणीला फोन द्यायला सांगितलं.

त्याला चौकीवर मात्र पाठवलं नाही. पडलेला माणूस पुन्हा उतारावर आला हे शिक्षकानं पाहिलं होतं. त्यानं जहूरला नव्या भरतीला शिकवायला ठेवून घेतलं. २००१ च्या उन्हाळ्यात तो बहिणीकडे पंधरा दिवस आला तेव्हा मी अबू धाबीजवळ खलिफा सिटीत कामाला होतो. तो बस बदलत बदलत मला तिथं भेटायला आला. आम्ही एका अर्धवट व्हिलाच्या सावलीत बसून दाल आणि खुबूस, म्हणजे तिकडच्या रोट्या, खाल्ले. अंगानं भरला होता. त्याची पोरं, म्हणजे भरतीची पोरं, किती आळशी आहेत ते तो तासभर सांगत राहिला आणि सांगताना तोंडावर नुसता आनंद. त्यातल्या दोघांची त्या वर्षी संघात निवड झाली होती. जाताना पुढच्या खेपेला पोरांचे फोटो आणतो म्हणाला.

पुढची खेप झाली नाही. जहूर २००३ सालच्या जानेवारी महिन्यात, सरावाच्या वाटेवर बर्फाचा कडा कोसळून वारला. वय बत्तीस होतं.