एकदा तरी ओरडा

"बाई, तुम्ही माझ्या पोरीला एकदा तरी ओरडा हो," त्या माउलीने हात जोडून म्हटलं, आणि शेजारच्या टेबलावर चहा पीत बसलेल्या विज्ञानाच्या सरांना जोरात ठसका लागला.

लागणारच की! ही विनंती चालली होती ती गणिताच्या बाईंपुढे. त्यांना ओरडा म्हणून कुणी सांगावं? मुलं त्यांना पाठीमागे 'तोफ' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. एखाद्याचं गणित चुकलं की बाई त्याला फळ्यापाशी उभं करत. "ही ओळ कुठून उगवली रे? स्वप्नात आली होती का?" असा तोंडाचा पट्टा सुरू झाला की पलीकडच्या वर्गातली मुलंही ताठ बसत. पण चूक त्याची त्याला सापडेपर्यंत बाई त्याच्या हातातला खडू काढून घेत नसत. वर्गात याला 'फळा मिळणं' म्हणत. ज्याला फळा मिळाला, तो मधल्या सुट्टीत कुस्ती मारून आल्यासारखा मिरवायचा.

"ओरडू?" बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, तुमच्या लेकीला मी आजवर चढ्या आवाजात हाक मारली नाही. विचारा तिला!"

"तेच तर सांगते मी," आई म्हणाली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुवायची. कामावरून तशीच आली होती. हात पाण्याने पांढरेफटक पडलेले, आणि खुर्चीत बसली होती तीही अगदी कडेला. "आम्ही घरी म्हणत होतो, नशीब काढलं बारकीनं, इतक्या प्रेमळ बाई मिळाल्या."

'प्रेमळ' हा शब्द ऐकून विज्ञानाच्या सरांनी कप खाली ठेवला आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

"मग बिघडलं कुठं?"

"विषय बदलायचा म्हणते. शनिवार शेवटचा दिवस आहे म्हणे. ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं, आधी गणिताच्या बाईंना भेटा. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. म्हणाली, आई, मी त्या वर्गात पाहुणी आहे गं. बाकीचे चुकले की बाई त्यांना धारेवर धरतात. मी चुकले की जवळ येतात, हळूच खोडतात आणि स्वतःच बरोबर लिहून देतात. वर 'छान' म्हणतात. पाहुण्याला कुणी ओरडतं का?" आईने पदराने कपाळ पुसलं. "मला त्यातलं काही कळत नाही, बाई. बदलायचा तर बदलू दे म्हणते मी, पण रात्री उशीत तोंड खुपसून रडते हो ती. गणित सोडायचं म्हणून रडते आणि सोडणारच असा हट्टही करते. काय करावं माणसानं?"

बाईंचा पारा चढला. चांगुलपणा केला त्याचं हे फळ! बोलायला तोंड उघडलं, पण नजर समोरच्या त्या पांढऱ्या हातांवर गेली. "बघते मी," एवढंच त्या म्हणाल्या.

दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागेना. वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, "इस्पितळामागच्या वस्तीतून गणिताला आलेली ही पहिलीच मुलगी. जरा जपा हं तिला. तुमच्या तोंडापुढे टिकायची नाही." बाईंना ते लागलं होतं, आणि पटलंही होतं. तीस-चाळीस मुलांच्या गलक्यात मुली मोजून तीन, त्यातली ही सगळ्यात अबोल. बाहीत हात ओढून बसायची. एवढासा जीव, एका शब्दाने उडून जायचा, असं त्यांनी धरूनच टाकलं. मग काय, तिच्या बाकाजवळ गेलं की आवाज आपोआप मऊ व्हायचा. तिला प्रश्न विचारायचे ते पाळण्यातल्या बाळालाही यावेत असे. एकदा तिने आपणहून हात वर केला होता, उत्तर चुकलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "छान प्रयत्न," आणि लगेच पुढच्या मुलाकडे वळल्या होत्या. त्यानंतर तिचा हात वर झाल्याचं त्यांना आठवेना. आठवून आठवून पाहिलं. नाहीच.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी भांडी आदळायला सुरुवात केली तेव्हा नवऱ्याने दारातूनच विचारलं, "आज कुणाचा नंबर?"

बाईंनी सगळं सांगितलं. सांगताना मध्येच त्याच्यावर डाफरल्या, कारण त्याने ओला टॉवेल खुर्चीवर टाकला होता.

तो टॉवेल उचलत हसला. "तुझ्या बहिणीची सासू आली होती ना, आठवतं? तिनं अख्खा डबा सांडला तर तू म्हणालीस, असू द्या हो, असू द्या. मी चमचा पाडला असता तर?"

"तुमचं वेगळं. तुम्ही घरचे."

बोलून गेल्या आणि बाईंचा हात कणकेतच थांबला. नवरा शहाणा माणूस, टॉवेल वाळत घालायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बाई वर्गाच्या दारातच थबकल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. ओरडून ती मोडली तर? उद्या दुपारपर्यंत ऑफिसात विषय बदलला की संपलं. आणि हे पाप आपल्या माथी.

"बारके," त्यांनी आईच्या तोंडचं नाव घेतलं. "ऊठ. आज फळा तुझा."

मुलगी दचकली. मुलं एकमेकांकडे बघू लागली. ती उठली, ओढणी सावरत आली, खडू घेतला. बाईंनी गणित सांगितलं: उणे तीन क्ष हे बारापेक्षा मोठं आहे, तर क्ष कसा? तिने दोन्ही बाजूंना उणे तीनने भागलं आणि लिहिलं, क्ष उणे चारपेक्षा मोठा.

बाईंचा हात सवयीने डस्टरकडे गेला. एक बोट फिरवलं की चिन्ह नीट झालं असतं. त्यांनी तो हात मुठीत आवळून पाठीमागे नेला.

"चूक!"

पहिल्यांदा आवाज फुटला तो चिरकाच. मग मात्र खणखणीत. "साफ चूक! काय लिहिलंयस हे? डोळे उघडे ठेवून भागलंस की मिटून?"

मुलीचे डोळे भरून आले. पुढच्या बाकावरचा एक उतावळा मुलगा अर्धवट उठला. "बाई, मी सांगू? तिला नाही यायचं..."

"खाली बस! तुला विचारलं का? फळा तिचा आहे. आणि काय रे, परवा हीच चूक करून तू इथे घामाघूम झाला होतास, विसरलास?"

मुलगा मुकाट्याने बसला. बाई मुलीकडे वळल्या. "रडायचं असेल तर रड, पण रडता रडता क्षच्या जागी शून्य घाल. शून्य तुझ्या उणे चारपेक्षा मोठं आहे की नाही?"

"आहे."

"मग घाल!"

तिने घातलं. नाक ओढत, खडू करकरवत. "शून्य... बारापेक्षा मोठं... नाही."

"मग खोटं कोण बोलतंय? मी?"

"नाही बाई, मीच. पण भागाकार बरोबर आहे!" तिचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. "बारा भागिले तीन चारच होतात!"

"कोण नाही म्हणतंय?"

घंटा झाली. मुलं दप्तरं आवरू लागली. "कुणी हलायचं नाही," असं बाई म्हणणार, तेवढ्यात मुलगीच मागे न बघता म्हणाली, "थांबा ना, बाई!" आणि उणे पाच घालून पाहू लागली. पंधरा. बारापेक्षा मोठं. ती तशीच उभी राहिली. मग घाईघाईने तळहातानेच 'मोठा'चं चिन्ह पुसलं आणि उलटं काढलं.

"का उलटलं?" बाईंनी सोडलं नाही.

"तीन पाचापेक्षा लहान. पण उणे तीन उणे पाचपेक्षा मोठं. उण्यानं भागलं की लहानमोठं सगळं फिरतं. मी फक्त आकडे भागले, बाई. ते फिरवायचं राहिलं."

"आणि अक्षर! कोंबडीला खडू दिला तर ती बरं काढेल. उद्या पुढचं गणित, परत तूच." बाईंनी पुस्तक मिटलं. मग उद्या शनिवार आहे, हे त्यांना आठवलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे... उद्या तू या वर्गात असलीस तर."

मुलीने नाक पुसलं. खडूची पांढरी रेघ गालावर उमटली. "असलीस तर काय, बाई? फळा माझा आहे ना?"

ती दप्तर उचलून बाहेर गेली. बाई दारापर्यंत गेल्या. बाहेर तो उतावळा मुलगा तिला म्हणत होता, "तुला घंटेनंतरही धरलं? मला तर कधीच नाही!" आणि ती त्याला चिन्ह का फिरतं ते हातवारे करून सांगत होती. तिची उजवी बाही कोपरापर्यंत खडूने माखली होती, आणि ती झटकायचं तिला सुचलं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. तोवर पुढचा वर्ग आत घुसला होता. "काय बाजार भरलाय का इथे?" त्या ओरडल्या, पण आवाज इतका हळू निघाला की मुलांना ते नीट ऐकूच गेलं नाही.