मी रिकामी झाले तो दिवस

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कोठी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलं नसेल, म्हणून आधी ओळख सांगते. कोठी म्हणजे घरात सालासकट तांदूळ, आमच्या बोलीत धान, साठवायचा मातीचा उंच रांजण. पण तो कुंभाराच्या चाकावर घडत नाही. घरातल्या बायका हातानंच, आतल्या खोलीत, जागच्या जागी उभा करतात. वर तोंड आणि त्यावर झाकण. खाली पायाशी वीतभर भोक, त्यात जुन्या लुगड्याचा बोळा. धान वरून ओतायचा आणि लागेल तसा खालून काढायचा.

माझं गाव गोंदिया जिल्ह्यातलं, जिथं विमानं उतरतात त्या बिरसीच्या अलीकडचं. वच्छलाबाई लग्न होऊन या घरात आल्या, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. त्यांच्या सासूबाईंनी, रुख्माबाईंनी, आटलेल्या बोडीतली, म्हणजे गावच्या लहान तळ्यातली, काळी माती आणवली. त्यात बारीक कापलेली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि कोंडा मिसळून सासू-सुना अंगणात दोन दिवस ती तुडवत होत्या. मग रोज एक थर. आजचा थर वाळल्याशिवाय उद्याचा चढवायचा नाही. सून नवी होती, हौशी होती. एका दिवशी सासूबाई बाजाराला गेल्या, तेव्हा तिनं दोन थर चढवले. सकाळी पाहते तर मी एका बाजूला बसलेली.

रुख्माबाई रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "कोणाची गाडी सुटून राहिली होती का? आता बस चेपत."

चेपून चेपून मी सरळ झाले, पण डाव्या कुशीला जरा फुगवटा राहिलाच. वच्छलाबाई अजून येता-जाता त्यावर हात ठेवतात.

त्यानंतरची वर्षं माझ्या भराची होती. दिवाळीच्या आगेमागे लवकर पिकणारा हलका धान यायचा, पुढे उशिराचा भारी धान. ओतताना मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला पसरायचे. नव्या धानाचा वास पहिले आठ दिवस घरभर राहायचा. घरात लग्न निघालं की गावच्या बाया मला पाहायला येत. शेजारच्या जमुनाबाई माझ्यावर टिचकी मारून म्हणायच्या, "वच्छला, तुह्या कोठीले भर पावसात घाम नाही येत. माही तर आतापासूनच रडून राहिली." हे ऐकून मला काय वाटायचं, ते तुम्हाला सांगायला नको.

रुख्माबाई गेल्या. वच्छलाबाईंचे यजमान चैतराम, तेही गेले. मुलगा भूपेंद्र मोठा झाला, गोंदियाच्या टीनाशी त्याचं लग्न झालं, दिव्या झाली. घरात फरशी आली. धान प्लास्टिकच्या पोत्यांत येऊ लागला आणि माझ्याकडे खाण्यापुरता थोडाच ओतला जाऊ लागला. एकदा टीना म्हणाली, "आई, ही कोठी काढून तिथं फ्रीज ठेवू का? जागाच नाही."

"फ्रीज माह्या छातीवर ठेव," वच्छलाबाई म्हणाल्या, "कोठी राहू दे."

टीना हसली. फ्रीज माझ्या शेजारी दाटीवाटीनं बसला. पुढे वायफायचा डबा आला, तो ठेवायला माझ्या झाकणाइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. असे डोक्यावर लुकलुकणारे दिवे घेऊन मी काही वर्षं काढली.

आता खरी गोष्ट. बिरसीला विमान चालवायला शिकणारी मुलं येतात. त्यांना राहायला खोल्या लागतील, असा विचार करून भूपेंद्रनं घरावर कर्ज काढलं आणि वर चार खोल्या बांधल्या. पहिली दोन वर्षं खोल्या भरलेल्या होत्या. मुलं वच्छलाबाईंना 'दादी' म्हणायची आणि माझ्यातल्या धानाचा भात दोनदा मागून खायची. मग त्यांची राहायची सोय दुसरीकडे झाली. एक एक करून ती गेली आणि खोल्यांना कुलपं लागली. भूपेंद्र गिरणीत काम करत होता, पण त्या पगारात घर आणि हप्ता दोन्ही भागेनात.

पोळ्याच्या सुमाराला एका दुपारी बाहेरच्या भिंतीवर खळ फासल्याचा फरफर आवाज आला. नववीतली दिव्या मोठ्यानं वाचू लागली आणि 'ताबा' या शब्दापाशी थांबली. पैसे भरले नाहीत तर बँक घर ताब्यात घेऊन लिलावात विकणार, असा तो कागद होता.

दसऱ्याला घर विकत घ्यायला म्हणून ईश्वरदास आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, गोंदियात राहणारे, म्हातारपणी मोकळ्या हवेत राहायची इच्छा असलेले. त्यांनी खालपासून वरपर्यंत घर पाहिलं, माझ्यावरही हात फिरवला आणि बाजेवर बसून म्हणाले, "देखो बाई, मला लिलाव-बिलाव नको. भांडण घेऊन मी घरात शिरणार नाही. तुम्ही घर खाली करून द्या, मी बँकेत बसून सही करतो. त्यांचं त्यांना जाईल, उरेल ते तुमचं. पण लांबवू नका. तुमच्या गावची मंडई करा, आणि त्याच आठवड्यात चावी द्या. नाही जमलं तर मी दुसरीकडे पाहीन."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी घरोघरी पाहुणे येतात, दुकानं लागतात, नाटक होतं. ईश्वरदासांनी तेवढी मुदत दिली होती.

ते गेल्यावर घरात बोलणं सुरू झालं. भूपेंद्र म्हणाला, "वकील म्हणून राहिला, वर्षभर ओढता येते. वर्षात खोल्या भरतीन."

टीना म्हणाली, "और नहीं भरे तो? पोलीस उभे राहतील अन् आपण त्यांच्यासमोर भांडी मोजत बसायची का?"

"तुले जायची घाई काऊन आहे?"

"मले घाई नाही. मले इज्जतीनं जायचं आहे."

रुख्माबाईंची एक रीत होती. ज्या घरात धान भरला, त्याच घरात तो शिजवून संपवायचा, मधेच उचलून दुसऱ्या घरी न्यायचा नाही. वच्छलाबाई उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "यंदा नवा धान हिच्यात नाही भराचा. मागचा आहे तो खाऊ. जवा कोठी रिकामी होईन, तवा निघू. हिशेबानं मंडईच्या आधीच होते. मग कोणी कोणाले काही म्हणाचं नाही."

सगळ्यांनी मान डोलावली. मित्रांनो, एका घराचं जाणं-राहणं माझ्या पोटावर येऊन ठेपलं. मला तर धड 'हो' म्हणता येत नव्हतं.

दिवस जाऊ लागले. टीना गोंदियात दोन खोल्या पाहून आली आणि तिथं जेवणाचे डबे सुरू करायचं ठरवून बसली. हलका धान कापून झाला. आणि एका दुपारी, वच्छलाबाई शेजारी गेलेल्या असताना, भूपेंद्र आत आला. त्यानं वायफायचा डबा उचलून फ्रीजवर ठेवला, वायर निसटली तरी त्याचं लक्ष नव्हतं. झाकण काढलं आणि नव्या धानाचं अर्धं पोतं माझ्यात ओतलं. आठवड्यानं पुन्हा अर्धं. दुसऱ्या वेळी तो कपाळ माझ्या काठाला टेकवून थोडा वेळ उभा राहिला. त्याच्या आईनं मला रचलं होतं, आणि वरच्या खोल्या त्यानं रचल्या होत्या. त्याला तिथून जाता येत नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी दिव्यानं विचारलं, "पप्पा, दुपारी वायफाय काऊन बंद होतं?"

"लाइन गेली होती."

"फ्रीज तर सुरू होता."

भूपेंद्र अंगणात निघून गेला.

दिवाळी झाली. वच्छलाबाईंनी गिरणीत न्यायला धान काढायचा म्हणून बोळा ओढला. वरून ओतलेला धान मधोमध घसरत आधी खाली येतो; तो ओंजळीत आला आणि त्या थांबल्या. जुना धान दाताखाली कट्कन तुटतो. नवा दबतो, चेपतो. त्यांनी एक दाणा चावला. मग दुसरा. दोन्ही चेपले. त्यांनी बोळा परत घातला आणि संध्याकाळपर्यंत कोणाला काही म्हटलं नाही.

जेवायला बसल्यावर त्यांनी सहज विचारलं, "भूपेंद्र, कोठीले पाय फुटले का रे? वावरातल्या बांधीत जाऊन धान आणून राहिली वाटते."

भूपेंद्रचा घास हातातच राहिला. टीनानं त्याच्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"मीच टाकला, माय," तो म्हणाला. "दोन डाव टाकला."

"कायले?"

"वरचं मी बांधलं. मीच बुडवून राहिलो. थोडे दिवस अजून राहिलो असतो तर..."

"कोठी तू भरशीन. ईश्वरदासले कुठं भरून ठेवशीन? तो काय आपल्यासाठी थांबून राहणार आहे?"

भूपेंद्र खाली मान घालून बसला. मग वच्छलाबाई माझ्याकडे तोंड करून, जणू मीच विचारलं होतं अशा आवाजात म्हणाल्या, "मी तरी कोणती सरळ आहो. दसऱ्यापासून अर्धा तांदूळ रेशनचा मिसळून राहिली, कोठी लवकर सरू नये म्हणून."

मला ते ठाऊक होतं. माप दर वेळी थोडं कमी घेतलं जात होतं.

मग टीना कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हणजे एक वरून भरून राहिला, एक खालून वाचवून राहिली. आणि मी येडी गोंदियात भाड्याची बोलणी करून राहिली."

पहिली दिव्या हसली. मग वच्छलाबाई. भूपेंद्र सगळ्यांत शेवटी हसला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले.

"ऐक," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता कोठीच्या भरवशावर नाही बसाचं. कोठी सरन तवा जाऊ असं नाही, आपण जाणार आहो म्हणून कोठी सरवाची. मंडईले सगळ्या पाहुण्यांले बोलाव. मामाकडचे, आत्याकडचे, कोणी सोडू नको. जेवढा टाकला तेवढा सगळा रांधाचा. अन् मंडईच्या दुसऱ्या दिवशी निघाचं. तुले मंजूर आहे का? तू म्हणशीन तरच."

भूपेंद्रनं हातातला घास खाल्ला. मग म्हणाला, "ईश्वरदास काकांले उद्याच फोन करतो. चावीचा दिवस सांगतो."

मित्रांनो, तशी मंडई मी कधी पाहिली नाही. माझ्यातून पोतं भरून धान गिरणीत गेला आणि तांदूळ होऊन आला. अंगणातल्या चुलीवर भाताचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, चढलं. पाहुणे पंगतीमागून पंगत जेवत होते. भिंतीवरचा कागद सगळ्यांना दिसत होता आणि वच्छलाबाई तो झाकत नव्हत्या. कोणी विचारलं की सांगत, "हो, उद्या चाललो गोंदियाले. पत्ता भूपेंद्रकडून घेजा. घर लहान आहे, येताना दोघं-दोघं येजा."

नव्या तांदळाचा भात चिकटच होणार. जमुनाबाईंनी पहिल्याच घासाला आवाज दिला, "वच्छला, हे भात आहे का खीर आहे?"

"साखर घालून खा मंग," वच्छलाबाई म्हणाल्या, "खीर होऊन जाईन."

हशा पिकला. भूपेंद्र वाढत होता, प्रत्येकाला आग्रह करत होता. वरच्या खोल्या त्यानं पाहुण्यांसाठी उघडल्या होत्या. नाटक पाहून आलेली वीसेक माणसं त्या खोल्यांत झोपली. त्या खोल्या तेवढ्या कधीच भरल्या नव्हत्या.

सकाळी पाहुणे गेले. अंगणात छोटा टेम्पो उभा राहिला. फ्रीज गेला, बाजा गेल्या, देवाचा पाट गेला. सगळ्यांत शेवटी भूपेंद्र आत आला, गुडघ्यावर बसला आणि माझा बोळा काढून त्यानं हात आत घातला. खांद्यापर्यंत घातला. आतून गोल फिरवला. मुठीत चार दाणे आले, ते त्यानं अंगणातल्या चिमण्यांना टाकले.

"माय," तो म्हणाला, "झाली रिकामी."

वच्छलाबाई दारात पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आत येऊन पाहिलं नाही. "चाल मंग," म्हणाल्या. कुलूप भूपेंद्रनं लावलं आणि चावी स्वतः नेऊन दिली.

आता या घरात ईश्वरदास आणि त्यांच्या पत्नी राहतात. भिंतीवरची खळ त्यांनी धुऊन काढली. माझ्या झाकणावर ते रेडिओ ठेवतात. पुढच्या दिवाळीत वच्छलाबाई येऊन गेल्या. टीनाचे डबे रोज तीस जातात, दिव्याला शाळा जवळ पडते, आणि भूपेंद्र आता रात्री झोपतो, असं त्या ईश्वरदासांच्या पत्नीला सांगत होत्या. बोलताना त्यांचा हात माझ्या डाव्या कुशीवर होता.

मित्रांनो, मी मातीची आहे, फार शिकवायचा मला अधिकार नाही. पण एवढं मागते. घरात जुनं काही असेल, तर ते अडगळ म्हणून ढकलण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्याबद्दल विचारा. आणि घरावर कठीण वेळ आलीच, तर एकमेकांपासून लपवून कोठी भरू नका, लपवून वाचवूही नका. एका ताटाशी बसून बोला. घर सोडायचा दिवस घरातल्या माणसांनी ठरवावा, भिंतीवरच्या कागदानं नाही.

माझं म्हणाल तर जुन्या धानावर दरवर्षी नवा पडत गेला, त्यामुळे एवढ्या वर्षांत माझा तळ कोणी पाहिला नव्हता. तो त्या सकाळी भूपेंद्रच्या हाताला लागला. गाव जेवून गेल्यावर लागला. मला त्याचं वाईट वाटत नाही.