कडक बिस्किटं, मऊ बिस्किटं आणि मी

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. लांब दांड्याचा, जाड बुडाचा आणि उंच काठांचा. माझ्या पोटाला दोन पोचे आहेत आणि झाकण कधीच हरवलं आहे. तरी नाक मुरडू नका. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, ओटच्या शेतांमधल्या एका लहानशा गावात दोन सख्ख्या बहिणींनी माझ्यापायी अबोला धरला होता. एवढा मान किती भांड्यांच्या वाट्याला येतो?

माझा जन्म डनीडिनच्या ओतशाळेतला. आयव्हीच्या लग्नात तिच्या सासूने मला आहेरात दिलं. आयव्हीने मला कोळशाच्या चुलीवर चढवलं ते जवळजवळ जन्मभरासाठीच. तिचा नवरा क्लॅरी लढाईवर इजिप्तला गेला आणि माझं खरं काम सुरू झालं. ती माझ्यात लोणी आणि काकवीसारखं दाट सोनेरी सिरप वितळवायची. मग गरम पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा त्यात ओतायची. ओतला रे ओतला की असा फेस फुसफुसत वर यायचा! दुसरी भांडी हात टेकायची, मी मात्र तो काठापाशी अडवायचो. मग ओट, मैदा, साखर आणि खोबऱ्याचा कीस. अंडं मात्र घालायचं नाही, कारण बिस्किटांना बोटीतून लांबचा प्रवास असायचा. थोरली लेक नोएलीन तेव्हा चिमुरडी होती. स्टुलावर उभी राहून ती माझ्यात डाव फिरवायची. डबा भरला की आयव्ही त्यावर कापड शिवायची आणि जाड अक्षरात नवऱ्याचा पत्ता लिहायची. त्या दिवसांत मला फार मोलाचं वाटायचं.

क्लॅरी परत आला. धाकटी बेरिल जन्मली. नोएलीन मोठी होऊन नर्सिंग शिकायला डनीडिनला गेली. पुढे कधीतरी घरातली बिस्किटं मऊ होऊ लागली. ती का, ते मला ठाऊक होतं, पण टोपाला कोण विचारतो?

आयव्ही गेली आणि घरातल्या वस्तूंची वाटणी झाली. मला दोघींनी एकाच वेळी धरलं, एकीने दांड्याला आणि दुसरीने काठाला.

"टोप मला हवा. आईसारखी मऊ बिस्किटं मीच करते," बेरिल म्हणाली.

"मऊ? आई कडक करायची. तुला आईची बिस्किटं येतच नाहीत," नोएलीन म्हणाली आणि मला ओढून घेऊन गेली.

झालं! त्यानंतर दर अँझॅक दिनाला, म्हणजे लढाईत गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, पहाटे स्मारकापाशी मानवंदना झाली की गावाच्या हॉलमध्ये चहाच्या टेबलावर दोन ताटं लागायची, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. गावकरी शहाणे, दोन्हीकडचं एकेक उचलायचे.

मला वाटलं, आता माझी चैन आहे. पण नोएलीनने मला कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊन दाणे ठेवायला लावलं. राग आला, खोटं कशाला बोलू? तरी कोंबड्यांचे उपकार मानतो. त्यांच्यामुळे माझं पोट कधी रिकामं राहिलं नाही.

एका शरदात, अँझॅक दिनाच्या आदल्या सकाळी, नोएलीन दवावरून घसरली आणि तिचा हात मोडला. शेजारणीने बेरिलला फोन केला. बेरिल आली ती फक्त कोंबड्यांना दाणे घालून परत जायच्या बेताने. खुराड्यात शिरली आणि तिला मी दिसलो. मला काखोटीला मारून ती तरातरा स्वयंपाकघरात घुसली.

"नोएलीन! आईचा टोप कोंबड्यांत?"

"आधी दार लाव. गार वारं येतंय."

"वारं गेलं खड्ड्यात! ह्याच्यासाठी माझ्याशी बोलणं टाकलंस आणि ह्यात दाणे भरलेस?"

"मी टाकलं? तू कधी उंबरा चढलीस का?" नोएलीन उसळली. मग तिचा आवाज खाली आला. "हातात घेतला की तू आठवायचीस गं. रोज रोज डोळ्यांसमोर नको वाटायचा."

बेरिलने आजूबाजूला पाहिलं. टेबलावर ओट सांडले होते, सिरप ओघळून मेजपोशाला चिकटलं होतं. एका हाताने बिस्किटं करायचा नोएलीनचा खटाटोप चालला होता. बेरिलने कोट काढला आणि मला घासायला घेतलं. सगळा राग माझ्यावरच काढला तिने. पण मित्रांनो, ते घासणं मला किती सुखाचं वाटलं म्हणून सांगू! मग मी चुलीवर चढलो. सोडा पडला, फेस काठाशी आला आणि थांबला. दोघीही हसल्या.

दोन ट्रे भट्टीत गेले. थोड्या वेळाने बेरिलने फडकं उचललं.

"काढू नकोस. आणखी होऊ देत," नोएलीन म्हणाली.

"जळतील. माझ्या आईने असली दगडं कधी केली नाहीत!"

"दगडंच लागायची. बाबांना इजिप्तला पाठवायची असायची. मऊ असती तर नुसती बुरशी पोचली असती. आई म्हणायची, कडक आहे म्हणजे टिकेल. मला वाटायचं, ती बिस्किटांबद्दलच बोलतेय."

बेरिल खुर्चीत बसली. "मला हे कुणी सांगितलंच नाही. लढाईचं नाव निघालं की बाबा उठून गोठ्यात जायचे."

"मग तुझी ती मऊ कुठून आली?"

"बाबांच्या दातांमुळे! तू डनीडिनला गेलीस आणि त्यांनी सगळे दात काढून घेतले. तेव्हा इथे चांगले दातही काढून कवळी बसवायची पद्धतच होती की. कवळी आणली, तर ती कायम कोटाच्या खिशात. म्हणून आई सिरप जास्त घालायची आणि ट्रे लवकर काढायची."

"पण मी सुट्टीला यायचे तेव्हा तर कडकच असायची."

"हो, तू आलीस की एक ट्रे हमखास करपायचा. मला वाटायचं, तू आल्याच्या आनंदात आई विसरते..." बेरिल बोलता बोलता थांबली. "विसरत नव्हती गं ती."

नोएलीनने मोडका हात अडकवलेल्या गळ्यातल्या झोळीलाच डोळे पुसले. बेरिलने एक ट्रे बाहेर काढला. दुसरा मुद्दाम आत राहू दिला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कडक-मऊ दोन्ही बिस्किटांचं एकच ताट लागलं आणि गावकरी गोंधळून गेले. घरी परतल्यावर नोएलीनने मला बेरिलपुढे सरकवलं. "ने. तुझाच आहे."

"नेला तर मग इथे यायला कारण काय उरेल?" बेरिल म्हणाली आणि तिने मला चुलीवरच्या खिळ्याला अडकवलं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, एवढंच मागायचं असतं तर मी तोंड उघडलंच नसतं. तुमच्या घरात कुणी हट्टाने म्हणत असेल, "आई हे असंच करायची," तर त्याला खोटं पाडू नका. जवळ बसा आणि एवढंच विचारा, "कुणासाठी करायची?"