अभ्रकाचा आखाड

आखाड लागायच्या आदल्या दिवशी तुळसाबाईंनी सुनेची ट्रंक स्वतः भरली आणि तिला दुर्गला माहेरी धाडलं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात सासूनं नव्या सुनेचं तोंड पाहायचं नाही, नवऱ्यानंही पाहायचं नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. पोरगा मऊ आहे हे ठाऊक असल्यानं त्यांनी त्याला दारातच बजावलं, "तिचं तोंड पाह्यलं ना शेषराव, तर सून दिवाळीपर्यंत तिकडंच राहीन. मंग मले बोलू नको."

आता माहेर अकोल्याला असतं तर माणूस मन मारून बसला असता. पण कमलिनीचे वडील गुलाबराव रेल्वेत गार्ड, त्यांचं क्वार्टर दुर्ग स्टेशनामागं. भिलाईहून सायकलनं तासाभराची वाट. ज्यांनी कुणी हा रिवाज काढला त्यांच्या घरात सायकल नसणार, एवढं नक्की.

शेषराव भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या इलेक्ट्रिकल शॉपमध्ये जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. तिसरी भट्टी उभी होत होती, कामाला तोटा नव्हता. मोटारीच्या तारांमध्ये अभ्रकाचे पातळ पापुद्रे घालायचे असतात, म्हणजे वीज भलतीकडं पळत नाही. कापून उरलेला चुरा फोरमननं टाकून द्यायला सांगितला, तो यानं पुडीत बांधून नव्या बायकोला नेऊन दिला होता. दुसरा कुणी गजरा नेतो. शेषरावाची झेप तेवढीच. पण कमलिनी हुशार. तिनं तो चुरा कुटला, वस्त्रगाळ केला, तोंडाच्या पावडरीत थोड्या खोबरेल तेलाबरोबर कालवला आणि गालांना लावला. गालांवर मोत्याची झाक आली. शेषराव पाहतच राहिला, आणि तेव्हापासून ती पुडी त्याला स्वतःचाच शोध वाटायला लागली.

आखाडाचा पहिला आठवडा त्यानं दात आवळून काढला. मग एका दुपारी पहिली पाळी सुटली आणि सायकल घराकडं वळायचं सोडून दुर्गकडं वळली. सायकलीचाच दोष, दुसरं काय.

गुलाबराव गाडीवर होते, सासूबाई शेजारी भजनाला गेल्या होत्या. कमलिनीनं दार उघडलं ते हसतच. गालांवर तीच झाक.

"कावून हसून राहिली?" त्यानं विचारलं.

"काही नाही. तुमी लवकर जा मात्र," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून पुन्हा हसली.

लवकर जा म्हटल्यावर कोण लवकर जातं? दिवेलागणीला तो घरी पोचला. तुळसाबाई सैपाकखोलीच्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. डोक्यावर सरकारी क्वार्टरचा पिवळा बल्ब.

"उशीर केला."

"ओव्हरटाइम."

"इकडं ये. गालावर काय चमकून राह्यलं तुह्या?"

शेषरावाच्या डोळ्यांपुढं दिवाळी उभी राहिली, तीही बिनबायकोची. पण नोकरी अशा वेळी कामी येते.

"अभ्रक आहे, माय. दिवसभर तेच कापून राह्यलो."

"गालानं कापतेत का रे अभ्रक?"

"उडते ना ते. हवेत उडते."

"आन् हवा एकाच गालावर बसते?"

शेषराव वहाणा काढायला तिथंच खाली बसला. तुळसाबाई उठल्या, पदराचं टोक ओलं करून त्याचा गाल पुसायला जवळ आल्या आणि थेट बल्बाखाली उभ्या राहिल्या. शेषरावानं वर पाहिलं. माउलीची दोन्ही कानशिलं चमचम करत होती. बाकी तोंड कोरडं, फक्त दोन कानशिलं. बाईमाणसाच्या कानशिलांवर असं एकाच रीतीनं काही लागतं: एखाद्या पोरीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून, अलाबला घेऊन, तीच बोटं आपल्या कानशिलांवर कडकडा मोडली की.

"माय," तो हळूच म्हणाला, "तुले कोणत्या शॉपात घेतलं?"

तुळसाबाईंचा हात कानशिलाकडं गेला. बोटाला लागलेली चमक त्यांनी पाहिली आणि मटकन पाटावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या पकडल्या गेल्या होत्या, आणि शेषरावाला वाटलं होतं तेवढा आनंद काही झाला नाही. उलट गलबलून आलं.

"सकाळच्या बसनं गेलती," त्या म्हणाल्या. "घर खायले उठते रे तिच्याबिगर. पण तोंड नाही पाह्यलं मी तिचं. देवाशपथ. दारातच डोळे मिटले ते बस येईपर्यंत मिटूनच. तिनंच हाताले धरून बसवलं, च्या पाजला. म्या नुसते हात फिरवले. वाळून गेली पोरगी, हाताले समजते."

तुळसाबाईंनी नाक पुसलं आणि आवाज पुन्हा सासूचा केला.

"तू आपलं सांग. पाह्यलं तिचं तोंड?"

शेषरावानं दुपार आठवली. दार उघडतानाचं सोडलं, तर पुढचा बराच वेळ कसा गेला ते आठवलं, आणि त्याला खोटं बोलावं लागलं नाही.

"माहे बी डोळे मिटलेलेच होते, माय."

तुळसाबाईंनी त्याच्या चमकत्या गालाकडं एकदा नीट पाहिलं, पुसायला घेतलेला पदर खाली सोडला आणि तांदळाचं सूप मांडीवर ओढलं.

"मंग नाही मोडला आखाड," त्या म्हणाल्या. "श्रावण लागला का पहिल्या बसनं घेऊन ये तिले."